यल्लव्वाचं पाचवं कार्ड

बुधवारी सकाळी यादी वाचता वाचता विश्वेश्वररावांना मीठ दिसलं आणि त्यांचा हात थांबला. यल्लव्वा येसाजी, बोम्मसंद्रा, अकरा महिन्यांत पाच बदली कार्डं. एवढ्यावर थांबायचं कारण नव्हतं. पाच-पाच कार्डं मागणारे त्यांनी आधीही पाहिले होते. ट्रस्ट गरजू घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला धान्याचं एक कार्ड देई. ते ठरलेल्या दुकानात दाखवलं की महिन्याचे तांदूळ, डाळ, रागी, तेल, मीठ मिळे. कार्ड हरवलं तर फोन करायचा, आठवड्याभरात दुकानावर नवं येई. फसवणुकीला वाट होती ती इथंच. महिन्याच्या सुरुवातीला भरलेलं कार्ड एखाद्या दुकानदाराला अर्ध्या किमतीत द्यायचं, त्यानं ते रिकामं केलं की हरवलं म्हणून कळवायचं, आणि पुढच्या महिन्यासाठी नवं घ्यायचं. म्हणून वर्षात चारापेक्षा जास्त कार्डं बदलली की नाव आपोआप यादीत येई, आणि त्या यादीवर नजर ठेवायचं काम विश्वेश्वररावांकडे होतं. जुनं कार्ड हरवण्याआधी कुठल्या दुकानात चाललं, घरापासून किती लांब, एकाच दुकानात दहा जणांची कार्डं तर हरवत नाहीत ना, हे सगळं त्यांना बघताक्षणी कळे. पण या बाईनं अकरा महिन्यांत फक्त मीठ उचललं होतं. दर महिन्याला एक किलो. तांदळाचा एक दाणा नाही, तेलाचा थेंब नाही. उरलेलं सगळं महिनाअखेरीला रद्द. चोर असा चोरत नाही, असं त्यांच्या मनात आलं, आणि मग त्यांची नजर शेवटच्या रकान्यावर गेली. बदली कार्डाला मंजुरी कुणी दिली: अनुसूया. अनुसूया. अनुसूया. अनुसूया. अनुसूया. पाच वेळा.

अनुसूया त्यांची बायको. तिला जाऊन आठ महिने झाले होते. पाच दिवसांच्या तापात गेली. पाचव्या दिवशी सकाळी तिनं गरम पाणी मागितलं, ते घेऊन ते परत खोलीत येईपर्यंत सगळं आटोपलं होतं, आणि हातातल्या पेल्याचं काय करायचं ते त्यांना कळेना. पेला घेऊन ते बराच वेळ तसेच उभे राहिले होते. जयनगरातल्या ट्रस्टच्या ऑफिसात खिडकीजवळची ही खुर्ची तिचीच. सहा वर्षं ती इथं बसली. महिन्याभरानं श्रीविद्या घरी आली. ती अनुसूयाच्या मावसबहिणीची मुलगी, ट्रस्टचं कॉम्प्युटरचं काम बघे. म्हणाली, "काका, घरात बसून काय करणार? मावशीचं काम पडून आहे. तुमच्याएवढं बारीक बघणारं दुसरं कोण आहे?" ते आले. खुर्चीत बसले. मशीन सुरू केलं तर तिचं नाव आधीच भरलेलं, पासवर्डही तिच्या डायरीत लिहिलेला. श्रीविद्या म्हणाली, तुमच्या नावानं नवं खातं करून देते. ते म्हणाले, "असू दे गं, कशाला तुला त्रास?" पुढच्या आठवड्यात करू म्हणून ती विसरली. ते विसरले नव्हते. रोज दहा वाजता दोन बोटांनी तो पासवर्ड टाईप केला की पडद्यावर अक्षरं येत, अनुसूया, तुमचं स्वागत आहे. एक वाजता ते बाहेर पडत तेव्हा अनुसूया, काम जपलं गेलं आहे. यात काही चूक आहे असं त्यांना कधी वाटलं नव्हतं, म्हणजे वाटलं होतं, पण वाटलेलं बाजूला सरकवायची सवय माणसाला फार लवकर लागते. चौतीस वर्षं त्यांनी सरकारी कारखान्यात तपासणी खात्यात काढली होती. दुसऱ्याच्या शिक्क्यानं माल पास केला म्हणून त्यांनी स्वतः दोघांना चार्जशीट दिली होती.

पाचांपैकी चार मंजुऱ्या त्यांच्याच होत्या. न बघता दिलेल्या. पहिल्या तीन-चार बदल्यांपर्यंत कुणी बघत नाही, फक्त बटन दाबायचं असतं, आणि पाचवीलाही त्या दिवशी त्यांनी नाव न वाचता दाबलं असणार. पण पहिली त्यांची नव्हती. पहिलीची तारीख अकरा महिन्यांपूर्वीची, तेव्हा ती धडधाकट होती, संध्याकाळी फोर्थ ब्लॉकात भाजीवाल्याशी भांडत होती. आणि त्या पहिल्या मंजुरीखाली तिनं शेरा लिहिला होता: फोनवर बोलले. द्यावे. बाकी हजारो मंजुऱ्यांखाली तिचा एकही शेरा नव्हता. इथंच का लिहिलं? कुणाशी बोलली? विश्वेश्वररावांनी चहा मागवला आणि तसाच ठेवला. तिला काही माहीत होतं. तिनं घरी येऊन त्यांना काही सांगितलं नव्हतं. बावीस नंबरच्या कंडक्टरनं काय म्हटलं ते सांगणारी, शेजारणीच्या कुकरच्या शिट्ट्या मोजून सांगणारी बाई हे बोलली नव्हती.

"श्रीविद्या," त्यांनी हाक मारली, "समज, एखाद्या कार्डात फसवणूक निघाली. मंजुरी देणाऱ्याचं काय होतं?"

"कमिटीपुढे जातं ना काका. एकदा चूक झाली तर चालतं. पण एकाच माणसानं एकालाच पाच वेळा दिलं तर संगनमत म्हणणार." ती मान वर न करता बोलत होती. "का? कोण सापडलं?"

"कुणी नाही. बघतो आहे."

रविवारी ते मेट्रोनं निघाले. डब्यात सगळी तरुण पोरं, पाठीवर सॅक, कानात काड्या. खाली होसूर रोडवर वाहनं मुंग्यांसारखी चिकटलेली, इलेक्ट्रॉनिक सिटीच्या काचांवर ऊन. कधीकाळी हे सगळं रागीचं शेत होतं, आणि लग्नानंतर पहिल्यांदा अनुसूयाला घेऊन ते इकडेच एका मित्राच्या बागेत आले होते. ती पेरू खाऊन म्हणाली होती, स्वल्प कच्चा आहे, पण चालेल. चालेल हा तिचा शब्द. त्यांचा शब्द चालणार नाही. कारखान्यात भोक मोजायला त्यांच्याकडे एक गेज असे, एक टोक आत गेलं पाहिजे आणि दुसरं जाता कामा नये, एवढंच. आत गेलं तर पास, नाही तर बाद. एकदा त्यांनी कुणा नंजप्पाचा अख्खा दिवसाचा माल बाद केला होता, केसाएवढ्या फरकावरून. नंजप्पाची बढती गेली. त्याची बायको घरी आली, अनुसूयाशी बोलत बसली, रडली, कॉफी पिऊन गेली. रात्री जेवताना अनुसूया म्हणाली, "तुमच्या त्या गेजात माणूस मावत नाही हो." ते म्हणाले होते, माणूस मावायचा नसतो, भोक मापात बसायचं असतं. स्वतःच्या उत्तरावर खूष झाले होते. ती दोन दिवस बोलली नाही. मग बोलायला लागली, पण त्यानंतर तिनं कारखान्यातल्या कुणाचंही गाऱ्हाणं त्यांच्यापुढे आणलं नाही. हे त्यांना आजपर्यंत जाणवलं नव्हतं. त्यांना वाटायचं, लोक गाऱ्हाणी घेऊन यायचे थांबले. डब्यात कुणीतरी त्यांना उठून जागा दिली. ते बसले, आणि बसल्यावर त्यांना वाटलं की गाऱ्हाणी घेऊन येणारे येतच राहिले असणार, ती दारातच ऐकून घेत असणार.

कारखान्यांच्या मागच्या अंगाला पत्र्याच्या खोल्यांची ओळ होती. नळावर कपडे पिळणाऱ्या एका बाईला त्यांनी येसाजीचं घर विचारलं. तिनं त्यांचा इस्त्रीचा शर्ट, हातातली फाइल वरपासून खालपर्यंत पाहिली आणि ओरडली, "ओ येसाजी, उठा की! सासरा आलाय बघा तुमचा, कागद घेऊन!" आजूबाजूच्या दोघी-तिघी हसल्या. शेवटच्या खोलीतून एक चाळिशीचा माणूस बनियनवर टॉवेल टाकत बाहेर आला. फाउंड्रीत काम करणाऱ्यांचे असतात तसे हात, नखांच्या कडा कायमच्या काळ्या. निपाणीकडचा माणूस, मराठी बोलणारा. ट्रस्टचं नाव काढताच त्याचा चेहरा बंद झाला.

"बसा की साहेब. च्या घेणार का? दूध न्हाई, काळा हाय."

"चहा नको. यल्लव्वा कुठे आहेत?"

येसाजीनं टॉवेल खांद्यावरून काढला, घडी घातली, पुन्हा खांद्यावर टाकला. खोलीत एक खाट, एक शेगडी, दोरीवर एकाच माणसाचे कपडे. फळीवर मिठाच्या पिशव्या एकावर एक रचलेल्या होत्या, एकही फोडलेली नव्हती. विश्वेश्वररावांनी त्या मोजल्या नाहीत. बघितल्याबरोबर त्यांना सगळं कळलं, आणि कळलं म्हणून ते स्टुलावर बसले, कारण उभं राहून ते ऐकायचं नव्हतं.

"वारली साहेब," येसाजी म्हणाला. "वरीस होत आलं. पोटात दुखतंय म्हणाली, दवाखान्यात न्हेलं, तिथंच. गावी न्हेऊन माती दिली."

"आणि कार्ड चालू ठेवलंत."

"ठेवलं."

"धान्य का नाही उचललं?"

"मेलेल्या माणसाचं धान्य खाऊ व्हय?" तो जवळजवळ रागावून बोलला. "पण दोन महिनं काय न्हाई घेतलं तर कार्ड आपोआप बंद पडतंय, दुकानवाला म्हणाला. म्हणून मीठ घेतलं. मिठाचं पाप लागत न्हाई, आसं मला वाटलं. खाल्लं ते बी न्हाई."

"मग कार्ड कशाला हवं होतं?"

येसाजीनं खाटेखालची पत्र्याची पेटी ओढली, त्यातून एक कार्ड काढून त्यांच्या हातात दिलं. कार्डावर नंबर स्वच्छ होता, नाव स्वच्छ होतं. डाव्या कोपऱ्यात फोटो असतो तिथं एक पांढुरका डाग होता. अंगठा फिरून फिरून चेहरा निघून गेला होता, खांद्यावरचा हिरवा पदर तेवढा राहिला होता. त्यानं सांगितलं ते असं. तिचा एकही फोटो घरात नव्हता. मोबाइल होता तो तिच्या दवाखान्याच्या धावपळीत कुठं पडला कळलं नाही. आधारचं कार्ड होतं, पण त्यावरची बाई बघून लेक म्हणाली, ही आमची आई न्हवं. खरा फोटो एकच, ट्रस्टच्या कार्डावरचा, आणि ते कार्ड तिच्या कमरेच्या चंचीत राहिलं. माती दिल्यावर चौथ्या दिवशी त्याच्या ध्यानात आलं की फोटोबी तिच्यासंगं गेला. म्हणून त्यानं फोन केला. आलेलं कार्ड सासूनं बघायला घेतलं आणि दिलं नाही. दुसरं वसतिगृहात लेकीला दिलं. तिसरं तिच्या धाकट्या बहिणीनं मागितलं. चौथं त्याच्याकडे होतं, ते हे. पाचवं परवा दुकानात आलं होतं, अजून आणलं नव्हतं.

"अहो, एका कार्डावरून फोटोच्या दुकानात दहा प्रती काढता आल्या असत्या!"

"काढल्या. वरती त्यो चमकणारा कागद हाय न्हवं का, त्यानं काळं येतंय. त्यात ती येतच न्हाई." मग तो म्हणाला, "खोटं बोललो न्हाई मी. कार्ड हरवलं म्हणलो, ते हरवलंच हुतं. ती हाय का म्हणून कुणी इचारलंच न्हाई. एकट्या अक्कानं इचारलं."

विश्वेश्वररावांनी विचारलं, कुठली अक्का, आणि आपला आवाज नेहमीसारखाच आला याचं त्यांना नवल वाटलं.

"तुमच्यातल्या. चष्म्याला दोरी लावायच्या बघा. त्यांनीच फोटो काढल्याला. पयल्यांदा कार्डं दिली तवा. यल्लव्वा दात पुढं हाईत म्हणून त्वांड मिटून बसायची, तर अक्का म्हणल्या, आमच्या यजमानांचं त्वांड बघ, असं करतीस का! आणि कायतरी त्वांड करून दाखवलं. मग ही हसली." येसाजी स्वतः थोडा हसला आणि थांबला. "पयल्या डावाला मी फोन केला तर त्याच निघाल्या फोनवर. बायकोला द्या म्हणल्या. मी म्हणालो अक्का, ती वारली. लई वेळ काय बोलल्याच न्हाईत. मग म्हणल्या, एकच देते हो. पुन्यांदा मागू नका. मी पुन्यांदा मागितलं. त्या कशा हाईत?"

"बऱ्या आहेत," विश्वेश्वरराव म्हणाले. तोंडातून गेलं. येसाजीनं मान हलवली. नळावर बादली भरून वाहू लागली होती आणि कुणीतरी कुणाला तरी शिव्या देत होतं. विश्वेश्वररावांनी तो पांढुरका डाग अंगठ्यानं चाचपला आणि चटकन अंगठा काढून घेतला. "नाहीत," ते म्हणाले. "नाहीत त्या. माझी बायको. आठ महिने झाले." येसाजीनं त्यांच्याकडे पाहिलं, ते करडं मिटलेलं तोंड पाहिलं असावं, आणि शेगडी पेटवली. काळा चहा त्यांना प्यावा लागला. फार गोड होता.

परतीच्या डब्यात ते फाइल मांडीवर घेऊन बसले. अहवाल सोपा होता. कार्डधारक मृत, कार्ड बंद करावे. एका ओळीचं काम. पण खाली तपासनीसाचं नाव मशीन आपोआप भरे, आणि ते नाव अनुसूयाचं होतं. म्हणजे मेलेल्या बाईचं कार्ड मेलेली बाई बंद करणार. आणि कमिटीतला कुणीही शहाणा माणूस वर पाहील, तर पाचही मंजुऱ्या त्याच बाईच्या, तारखा कोण ताडून बघतो. संगनमत. सहा वर्षांच्या कामावर तेवढा एक शब्द राहील. अहवाल न दिला तर काय होईल? काही नाही. मीठ चालू राहील. यादी त्यांच्याच हातात होती, नाव त्यातून काढायला एक शेरा पुरे, फोनवर बोलले, ठीक. येसाजीला कार्ड मिळत राहील, अनुसूयाचं नाव स्वच्छ राहील, आणि रोज दहा वाजता तिचं स्वागत होत राहील. कुणाचंच काही बिघडत नव्हतं. चालेल. हा शब्द पहिल्यांदाच त्यांच्या मनात स्वतःहून आला, तिच्या आवाजात नाही, त्यांच्याच, आणि तो त्यांना ओळखीचा वाटेना. कारण तिचं चालेल एकदाच होतं. एकच देते हो. त्यांनी चार दिली होती, तिचं नाव पुढे करून, आणि देताना डोळे उघडेसुद्धा नव्हते. ती नियम मोडताना त्या माणसाशी बोलली होती, बराच वेळ गप्प राहिली होती, मग खाली शेरा लिहिला होता, कुणीतरी कधी बघेल म्हणून. आणि घरी येऊन बोलली नव्हती, कारण घरी ते होते. तिनं सांगितलं असतं तर त्यांनी काय म्हटलं असतं हे तिला ठाऊक होतं. त्यांनाही ठाऊक होतं. जयनगरचं स्टेशन आलं तेव्हा ते उतरायचे राहिले, आणि पुढच्या स्टेशनावरून चालत मागे आले.

सोमवारी ते तिच्या खात्यात शिरले नाहीत. कागद घेतला आणि हातानं लिहिलं. कार्डधारक अकरा महिन्यांपूर्वी मृत. धान्य उचललेलं नाही, फक्त मीठ. हेतू फोटो मिळवणे. पहिली मंजुरी अनुसूया यांनी माहिती असताना दिली, माझ्या मते योग्य दिली. पुढच्या चार मंजुऱ्या त्यांच्या मृत्यूनंतर मी त्यांच्या पासवर्डानं दिल्या, न तपासता दिल्या. खाली स्वतःचं पूर्ण नाव, कारखान्यात लिहीत तसं. श्रीविद्यानं कागद दोनदा वाचला.

"काका, हे काय लिहिलंय? कमिटी तुम्हाला बसू देणार नाही मग. पासवर्डाचं फार कडक आहे."

"सरी, ठीक आहे. नाही बसत."

"आणि त्या माणसाचं स्वतःचं कार्डसुद्धा महिनाभर थांबणार."

"ते त्याला मी सांगतो."

"एवढ्यासाठी?" तिचे डोळे भरले होते आणि त्यामुळे ती रागावल्यासारखी दिसत होती. "फोटोच पाहिजे होता ना? मग अर्ज करायचा! यंदापासून घरच्या माणसाला मूळ फोटो देतो आपण. कार्ड बंद झालं की महिन्यानं पुसून टाकतो, त्याच्या आत मागायचा. एवढा मोठा फोटो आहे सर्व्हरवर. विचारलं असतं तर लगेच मिळाला असता."

येसाजीचा अर्ज विश्वेश्वररावांनी भरून आणला. नाव, पत्ता, कार्ड नंबर, मृताशी नाते: नवरा. त्यानं सही केली, मराठीत, एकेक अक्षर सुटं. महिनाभर धान्य बंद हे ऐकून तो म्हणाला, फाउंड्रीत कँटीन हाय. मीठ तर लई हाय. अनुसूयाचं खातं बंद करायला श्रीविद्यानं विचारलं, मी करू की तुम्ही? ते म्हणाले, तू कर. त्या वेळी ते खिडकीबाहेर बघत होते. रस्त्यावर नारळपाणीवाला एका बाईला शहाळं निवडून देत होता, आणि ती ते हलवून, कानाशी नेऊन, परत करत होती.

फोटो वहीच्या पानाएवढा निघाला. ते तो पुठ्ठ्यात घालून बोम्मसंद्र्याला घेऊन गेले. येसाजीनं हात धुतले, पुसले, पुन्हा धुतले, आणि मग घेतला. नळावरच्या बायका दारात गोळा झाल्या. कुणी म्हणालं, अगं बया, दात बघा हिचे, आणि दुसरीनं तिला कोपरानं ढोसलं. हिरव्या पदराची एक सावळी बाई सगळे दात दाखवून हसत होती, डोळे बारीक झालेले, मान जराशी पुढे, समोर कुणीतरी वेडंवाकडं तोंड करतंय आणि तिला ते आवरत नाही अशी. विश्वेश्वरराव तिच्या नजरेच्या रेषेत उभे होते. ते एक पाऊल बाजूला झाले. मग त्यांना कळलं की ती कॅमेऱ्याकडे बघत नाहीये. कॅमेऱ्याच्या जरा वर, जिथं फोटो काढणाऱ्या बाईचा चेहरा असतो, तिथं बघते आहे. हे त्यांनी येसाजीला बोटानं दाखवलं. येसाजीनं नीट पाहिलं.

"व्हय की," तो म्हणाला. "अक्काकडं बघतीया." आणि थोड्या वेळानं, फोटो छातीशी धरून, "तुम्ही न्हाई काढला ह्यातला एक? तुमच्यासाटनं?"

दुसऱ्या दिवशी ते ऑफिसात गेले तेव्हा खिडकीजवळच्या खुर्चीवर श्रीविद्याच्या फायली होत्या. त्यांनी बाकावर बसून अर्जाचा कोरा कागद मागितला. "काका, घरच्याच माणसाला देता येतो," ती म्हणाली. "तुम्ही यल्लव्वाचे कोण?" ते म्हणाले, "तू कागद तर दे." नाव लिहिलं, पत्ता लिहिला. नात्याच्या रकान्यापाशी पेन बराच वेळ टेकून राहिलं, तिथं शाईचा ठिपका पडला. मग त्यांनी त्या ठिपक्याला लागूनच, रकान्याची रेघ ओलांडून लिहिलं: फोटो काढणारीचा नवरा.